फेस्टस इथे नाही

नाही, फेस्टस इथे नाही. सांगितलं ना एकदा. फेस्टस गेराटी आज नाही, काल नव्हता, उद्याचं देवाला ठाऊक. बाकीही कुणी नाही म्हणा, बघताय ना तुम्ही — रविवार, त्यात जिल्ह्याची फुटबॉलची फायनल, सगळं गाव तिकडे पळालंय आणि फॅक्टरीच्या फाटकावर राखणीला मला एकट्याला ठेवलंय. फॅक्टरी रविवारी गुरं कापत नाही, लॉरी येत नाही, मग राखायचं काय, असं विचाराल — मीही तेच विचारलं. पण जार्लथ म्हणाला, सव्वीस दिवस फाटक एक क्षण मोकळं सोडलं नाही, आज कशाला सोडायचं, कुणीतरी बसायला हवंच. जार्लथ म्हणजे आमचा म्होरक्या, आंदोलन सुरू केलं त्यानं. तर बसलोय. तुम्हीही बसा. पिंपाच्या या अंगाला बसा, धूर तिकडे जातोय. चहा घ्याल? घ्या हो, कोर्टाच्या माणसाला चहा पाजू नये असा काही आमच्यात नियम नाही.

— तर काय, ओळखलं की. लांबूनच ओळखलं. गाडी वळणावर लावलीत, तिथून चालत आलात, तेव्हाच म्हटलं, आले. रविवारची दुपार, हा एवढा चिखल, आणि तुमचे बूट पॉलिश केलेले — आणि टाय. काळा टाय. आमच्या फाटकावर टाय बांधून कोण येतं? एक तर बँकेचा माणूस, नाही तर कोर्टाचा कागद घेऊन आलेला. आणि बँकेला रविवारी सुट्टी. — हसला नाहीत. नका हसू. गेल्या आठवड्यात तुमच्यातलाच एक आला होता, डोंगर चढायला निघाल्यासारखा, पाठीला पिशवी, हातात काठी. आता आमच्याकडे वीस मैलांत एक टेकाड नाही, नुसती दलदल, हा चढणार कशावर? तरी आमचा मॅटी कॉलरी बावळटासारखा त्याच्याशी बोलत उभा राहिला. त्यानं कागद पुढे केला, मॅटीला वाटलं चर्चच्या देणगीची पावती आहे, घेतला हातात. झालं. आता मॅटीचं नाव हायकोर्टात. फाटक सोडलं नाहीस तर फॅक्टरीचं रोजचं नुकसान तू भर, तुझ्या जमिनीतून भर. मॅटीची बायको दोन दिवस रडत होती. तेव्हापासून इथे कुणी नाव सांगत नाही. पोलीस विचारो, पेपरवाला विचारो, पाद्रीबाबा विचारो — नाव नाही. एकमेकांनासुद्धा आम्ही हाका मारत नाही नावानं. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या खिशातला कागद फेस्टसच्या हातात पडला तरच तुमचं काम झालं, नाही पडला तर गेलात तसे परत — हे आम्हाला आता पाठ झालंय. बसा तुम्ही संध्याकाळपर्यंत. मला सोबत होईल.

साखर? नाही? बरं.

तुम्हाला वाटत असेल, ही म्हातारी माणसं इथे पिंपात दलदलीतली वाळवलेली ढेकळं जाळत बसलीयेत कशाला. सांगतो ना. अडीच वर्षं गोऱ्हा पोसायचा. वासरू ओढून काढायचं, कधी कोपरापर्यंत हात घालून, आईनं नाकारलं तर बाटलीनं पाजायचं, दोन हिवाळे गोठ्यात मुरघास घालायचा, इंजेक्शनं, पशुवैद्य, सरकारी कागद — आणि मग हे आतले, पांढऱ्या टोप्या घालणारे, आम्हाला किलोला साडेतीन युरोसुद्धा देत नाहीत. चार मिळाले तर कुठे खर्च निघतो. तेच मांस दुकानात कितीला असतं हे तुमची बायको सांगेल तुम्हाला. मधले पैसे कुठे जातात? — मला विचारू नका, मी काय सांगू, मला एवढंच माहितीये की या फॅक्टरीच्या मालकाकडे हेलिकॉप्टर आहे आणि ते उतरलं की आमच्या गायी गाभ टाकतात. बरं, फॅक्टरीला नको द्यायचं तर बाजार आहे की, म्हणाल. आहे ना. दर मंगळवारी क्लूनमोरला गुरांचा बाजार भरतो. लांब समुद्रकाठची माणसंसुद्धा येतात तिथे गुरं घेऊन. पण बोली लावायला उभे कोण? फॅक्टरीचेच दलाल. एकमेकांकडे बघतात, डोळा मारतात, झाला भाव.

आणि त्यात ते तीस महिने. माहितीये तुम्हाला तीस महिन्यांचं? गोऱ्हा तीस महिन्यांच्या आत कापला तर एक दर, एक दिवस वर गेला की दर खाली. का? मांस कडू होतं का एकतिसाव्या महिन्यात? काही होत नाही. दुकानवाल्यांना तसं हवं म्हणे. आता गोऱ्ह्याला काय कॅलेंडर कळतं. आणि गंमत बघा — फाटक अडवलंय कुणी? आम्ही. आत जायला हवेत ते गोऱ्हे कुणाचे? आमचेच. सव्वीस दिवस आम्ही इथे बसलो आणि तिकडे आमच्याच रानात आमचेच गोऱ्हे म्हातारे होत गेले. फेस्टसचे नऊ परवाच्या गुरुवारपर्यंत उलटले तीस महिन्यांवरून. नऊच्या नऊ. एका आठवड्यात जन्मलेले सगळे, एकाच वळूचे.  फेस्टस भिंतीशी जाऊन उभा राहिला बराच वेळ.

— हो, तेच. रस्त्यापलीकडे, दगडी भिंतीच्या आत. फेस्टसचंच रान ते. एक्केचाळीस एकर, निम्मं पाणथळ. बापाचं. भाऊ होता, मॅनस नावाचा, तो गेला चार वर्षांपूर्वी, बायको-पोरं दोघांनाही नाहीत. म्हणजे बघा, रान आणि ते नऊ गोऱ्हे, एवढाच त्याचा संसार. म्हणून म्हणतो, तुमचा कागद त्याच्या हातात पडला तर तुम्ही एका माणसाचं काय काय काढून घेताय याचा विचार करा. तुम्हाला काय, पोस्टमनसारखं काम. पण हा माणूस मग उठेल कशासाठी सकाळी?

भिंतीशी आलेत खरे सगळे. येतात हो. माणूस दिसला की येतात, खुळी जात आहे ती, त्यांना वाटतं खायला आणलं काहीतरी. मी इथे बसलो की ते तिथे येऊन उभे राहतात, रोजचंच आहे.

काय? दहा?

नाही हो, नऊ. नीट मोजा. — बरं, तो. तो मागचा तांबडा. तो असाच. शेजाऱ्याचा असेल, मागचं कुंपण पडलंय ना, इकडचं तिकडे होतंच. हे बाकीचे काळे, पांढऱ्या तोंडाचे, तो वेगळा दिसतोच लगेच. बिल्ला दिसत नाही? चिखल असेल कानाला. पिवळा बिल्ला असतो, त्यावर नंबर असतो, त्यावरून कळतं जनावर कुणाचं. आम्हाला पोरांचे वाढदिवस आठवणार नाहीत पण कळपाचा नंबर झोपेत विचारा. तर चिखल आहे त्याच्या कानाला. दोन्ही कानांना. लोळला असेल. तुम्हाला गुरांत बरीच गोडी दिसतेय, कोर्टातल्या माणसाच्या मानानं.

चहा प्या ना. गार होतोय.

दलदलीतला रस्ता? आहे की, तो काय मागे. फॅक्टरीला वळसा घालून मागच्या फाटकावरून जातो आणि पुढे क्लूनमोरला निघतो. बंद नाहीये तो. का विचारताय? — आँ. ते. त्या लॉरीचं विचारताय तर. पोलीस विचारून गेले दोनदा. मी तुम्हाला तेच सांगतो जे त्यांना सांगितलं. मंगळवारी पहाटे एक लॉरी त्या रस्त्यानं आली, लहान लॉरी, सहा गुरं बसतील एवढी. धुकं होतं. वळणावर मुरघासाचा एक गठ्ठा पडला होता रस्त्यात — ते गोल असतात बघा, काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले, सातशे किलोचे — लॉरीनं तो चुकवायला चाक वळवलं, आणि रस्ता तिथे दोन्हीकडून मऊ, एक चाक खाली गेलं की संपलं. गेली आडवी. गठ्ठा कुणी ठेवला? कुणी कशाला ठेवेल. रस्त्याकडेच्या बांधावर फेस्टसचे गठ्ठे रचलेले असतात, एखादा गडगडला असेल. गोल वस्तू गडगडते. पोलीसही म्हणाले, शक्य आहे. पाच गोऱ्हे सापडले. एक दलदलीत गेला म्हणाले. जातं जनावर दलदलीत, एकदा पाय रुतला की ओढून काढता येत नाही. — तिकडे काय बघताय सारखं. सांगितलं ना, शेजाऱ्याचा आहे.

मी कशाला खोटं बोलू? मला त्या लॉरीचं सोयर ना सुतक. पण मी तुम्हाला हेही सांगतो की चूक त्याचीही होती, त्या लॉरीवाल्याची. आम्ही पुढे उपाशीतापाशी बसायचं, पावसात भिजायचं, आणि याने पहाटे मागच्या रस्त्यानं जायचं? जार्लथनंच सांगितलं होतं आदल्या रात्री, की मागून गुरं जातायत पहाटेची, दुसऱ्या जिल्ह्यातले लॉरीवाले फॅक्टरीनं फोडलेत, आपण पुढे बसून मूर्ख ठरतोय. कुणीतरी काहीतरी करायला हवं, म्हणाला. असं म्हणाला आणि सगळ्यांकडे बघत बसला. आता तोच म्हणतो मी तसं म्हणालो नाही. म्हणाला होता. मी इथेच बसलो होतो, या खोक्यावर.

समजा. नुसतं समजा हं, तुम्ही कागदावर काही लिहीत नाही म्हणून बोलतो. समजा फेस्टस म्हणाला की मी थांबवतो. थांबवतो — पाडतो नाही. एक गठ्ठा रस्त्यात ठेवायचा, लॉरी थांबणार, ड्रायव्हर खाली उतरणार, चार शिव्या घालणार, मग त्याला दोन शब्द सांगायचे आणि परत पाठवायचा. यात काय वाईट आहे? आम्ही इथे रोज तेच करतो, दिवसाढवळ्या. पण धुकं पडणार हे त्याला काय माहीत. आणि ते पोरगं इतक्या वेगात येणार हे काय माहीत. वळणाच्या आधी नाही, वळणानंतर ठेवला, एवढीच चूक. वीस पावलांची चूक. त्यात रेडिओ चालू, मोठ्यानं, त्याला काही ऐकू आलं नसणार. समुद्राचं हवामान सांगत होता रेडिओवाला — अमुक टोकापासून तमुक टोकापर्यंत वारा पश्चिमेचा, लाटा मध्यम, मग सरी. लॉरी आडवी झाली तरी तो सांगतच होता. चाक फिरतंय, गुरं आत एकमेकांवर पडून ओरडतायत आणि हा आपला सांगतोय, सरी. आमच्यापासून समुद्र साठ मैल. इथे कोण ऐकतं समुद्राचं हवामान? म्हणून लक्षात राहिलं.

— फेस्टसच्या लक्षात राहिलं म्हणतोय मी. त्यानं सांगितलं मला. आमचं बोलणं होतं ना अधूनमधून.

तो भिंतीच्या मागे होता, फेस्टस. वाकून बसला होता. लॉरी आडवी झाली तसा उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला. अडुसष्ट वय आहे हो त्याचं. मग तो ड्रायव्हर हाका मारायला लागला. आधी नुसताच ओरडत होता, मग नाव घेऊन. बार्टली, बार्टली, असं. ‘वाचवा’ नाही, ‘कोणी आहे का’ नाही, नुसतं ‘बार्टली’. फेस्टसला वाटलं कुत्रं असेल बरोबर, कुत्र्याला हाक मारतोय. पण कुत्र्याला अशी हाक कुणी मारत नाही. — फोन? होता की. खिशात होता. काढलासुद्धा. अँब्युलन्सचा नंबर लावायला काय अक्कल लागते? पण तिथली बाई पहिलं काय विचारते? सांगा. नाव. तुमचं नाव काय, कुठून बोलताय. आणि नाव सांगितलं की झालं, पोलीस, कोर्ट, कागद, तू तिथे कसा, गठ्ठा कुणाचा, आणि एक्केचाळीस एकर गेले. सव्वीस — तेव्हा एकवीस — एकवीस दिवस आम्ही एकमेकांना बजावत होतो, काय वाट्टेल ते होऊ दे, नाव सांगायचं नाही. ते असं डोक्यात बसतं. अंगठा फोनवर होता त्याचा. बत्तीस मिनिटं. मग दुधाचा टँकर आला त्या रस्त्यानं, टँकरवाल्यानं फोन केला, आणि फेस्टस वाकून वाकून भिंतीकडेनं घरी आला. मागं बघितलं तर तो तांबडा त्याच्या मागं मागं. बाकीचे बिथरलेले, हा एकटा शांत, चालत आला मागं, कुणीतरी आपल्याला घरी नेतंय असं वाटलं असेल त्याला. आता तो परत द्यायचा तर फोन करायला हवा, आणि फोन केला की—

तुम्ही जरा बोला की काहीतरी. मघापासून मीच बोलतोय.

पण बरा आहे तो आता, पोरगा. कमरेचं हाड म्हणाले. हाड जुळतं, तरुण वय. बुधवारी टँकरवालाच सांगत होता, हॉस्पिटलात शुद्धीवर आला, पाणी मागितलं. देव तारी त्याला कोण मारी. मी दोन मेणबत्त्या लावल्या चर्चमध्ये, एक त्याच्यासाठी, एक — असू दे. त्यानंतरचं काही कळलं नाही. इथे एक रेडिओ होता, या टपरीत, शुक्रवारी जार्लथ घरी घेऊन गेला, बॅटरी संपली म्हणाला. बॅटरी संपली तर बॅटरी आण, रेडिओ कशाला नेतोस? परवापासून त्यांचं काहीतरी बिनसलंय माझ्याशी. मी आलो की गप्प होतात. मॅटी, ज्याच्याबरोबर मी शाळेत गेलो, तो काल सँडविचचा डबा माझ्यापुढे न करताच पुढे गेला. आणि आज सगळे मॅचला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, येतोस का. तू बस, म्हणाले. मला वाटतं त्यांना राग आलाय की पोलीस आले ते — जाऊ द्या. माणसं थकली की अशी वागतात. भाव मिळाला की होतील सरळ.

कुठे निघालात? बसा हो. रस्ता ओलांडून काय मिळणार आहे तुम्हाला, फेस्टस काय त्या भिंतीमागे लपलाय?

थांबा, मीही येतो. भिंतीवर हात ठेवू नका, वरचा दगड सुटा आहे.

काय म्हणालात?

हं. — हो. बघतायत खरे गोऱ्हे माझ्याकडे. तुमच्याकडे एकही बघत नाही. मी इकडे सरकलो की इकडे वळतात. डोळे आहेत हो तुम्हाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दोन तास तोंड सांभाळलं आणि या नऊ गाढवांनी एका मिनिटात घात केला. त्यांना तरी काय म्हणायचं. बाटलीनं पाजलेत त्यातले दोन.

बरं तर. मी फेस्टस. मी फेस्टस गेराटी, किलार्डनचा, ते रान माझं, आणि मघापासून जे समजा-समजा म्हणून सांगितलं तेही माझंच, पण ते तुम्ही ऐकलं नाही असं समजा. द्या तो कागद. खरं सांगू, बरं वाटलं. पाच दिवस मी कुणाला स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, आरशात बघायलाही नको झालं होतं. द्या. सही कुठे करायची असेल तर चष्मा नाहीये माझ्याजवळ, बोट ठेवून दाखवा.

द्या ना.

— कागद काढा की हो. भिंतीवर काय वाकताय? त्यांना हाका मारून काही उपयोग नाही, सांगतो तुम्हाला. पाद्रीबाबांनी मारून बघितल्यात, पशुवैद्यानं मारून बघितल्यात. माझ्याशिवाय कुणाच्या हाकेला ढिम्म हलणार नाहीत. मारा हवं तर, हौस असेल तर.

ही कुठली हाक? आमच्याकडे नाही अशी हाक मारत. वर जाऊन अशी खाली येते. लांबून, पाण्यावरून मारल्यासारखी.

बघा. म्हटलं होतं ना. नऊही जागचे हलले नाहीत. मी म्हटलंच होतं.

...

तो येतोय.

तांबडा येतोय. त्या पहाटेनंतर तो माझ्याकडे कधी आला नाही. पाच दिवस चारा घातला, पेंड पुढे केली, कधी भिंतीशी आला नाही, लांब उभा राहून रस्त्याकडे बघायचा. आणि आता — बाही चाटतोय तुमची. तुमच्या त्या चांगल्या कोटाची बाही. कान धरून चिखल पुसताय. नंबर बघायची गरज नाही तुम्हाला, हो ना, नुसतं पुसताय.

तुम्ही कोर्टातले नाही.

हात कसे आहेत तुमचे. मी बघितले नाहीत मघाशी, बुटांकडेच बघत बसलो. दोरानं कापलेले हात आहेत. आणि चहाला शिवला नाहीत. — मंगळवार होता. देवा. मंगळवारी क्लूनमोरचा बाजार. तो फॅक्टरीला येतच नव्हता. बाजाराला चालला होता, लांबून यायचं म्हणून पहाटे निघाला, आणि पुढचा रस्ता आम्ही अडवलेला म्हणून मागच्यानं. घरचे सहा गोऱ्हे घेऊन. तो आमच्यातलाच—

आणि हा काळा टाय, मयताला बांधतात तो. मी टायची चेष्टा केली तुझ्या. आलास तेव्हाच चेष्टा केली. कधी गेला तो? — शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारी रेडिओवर सांगितलं असणार. म्हणून नेला रेडिओ. मॅटीला माहीत होतं, जार्लथला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं, आणि मला म्हणाले तू बस. एकटा बस. त्यांना हेही माहीत होतं का, की तू येणार? तूच विचारलं असशील गावात, आणि कुणीतरी बोट दाखवलं असेल. कुणी दाखवलं? जाऊ दे, नको सांगूस.

रानाचं फाटक उघडतोयस. ने, तुझाच आहे तो. उजवी बिजागरी मोडलीये, उचलून — उचललंस. हो. तुला कोण सांगणार.

बोल की रे काहीतरी. शिव्या घाल. मी माझं नाव सांगितलं, उभा आहे इथे, रस्त्यावर कुणी नाही, संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही. तू काय करशील त्याला मी नाही म्हणणार नाही. तू त्याचा बाप म्हणावास तर तेवढं वय नाही. भाऊ असशील. मोठा. तू कोण आहेस ते तरी—

नको. थांब. नको सांगूस नाव. ऐकलंय मी ते. बत्तीस मिनिटं ऐकत होतो.